‘आजी, लिही!’

आलेलं पत्र, थोडं आटोपतं घेऊन:

‘शालोम. मी मूळची अलिबागची, इस्राएल आळीतली, म्हणजे कोकणातली बेने इस्राएल, मराठी ज्यू. लग्न होऊन ठाण्याला आले, तिथंच संसार झाला. हे गेल्यावर मुलीने हट्टाने इकडे इस्राएलमध्ये अश्दोदला आणलं, त्याला दीड वर्ष झालं. नातू साडेपाच वर्षांचा आहे. त्याच्या बालवाडीत, म्हणजे इथल्या भाषेत ‘गान’मध्ये, अशी पद्धत आहे की मुलाने घरी काही मित्स्वा (धर्मातलं चांगलं काम) केला की घरच्यांनी तो चिठ्ठीवर लिहून द्यायचा. बाई ती चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचतात आणि भिंतीवरच्या कागदी झाडाला पान म्हणून चिकटवतात. याच्या नावाची अकरा पानं झालीत आणि एका मुलीची चौदा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

आता घरात असं झालंय की हा मला पाण्याचा ग्लास आणून देतो आणि समोर उभा राहतो. ‘आजी, लिही.’ चपला जागेवर ठेवतो. ‘आजी, लिही.’ गेल्या आठवड्यात तर कहर झाला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन खालच्या दारातून येत होत्या. याने धावत जाऊन दार धरलं. मग मागे वळून पाहिलं. आई फोनवर होती, मी टपालपेटीत डोकं घातलेलं, पण डोळ्याच्या कडेने सगळं दिसत होतं. कोणी बघत नाही म्हटल्यावर याने दार सोडून दिलं. ते जड दार बाईंच्या पिशवीवर आपटलं आणि टोमॅटो जिन्यावर. मी त्याला तिथंच, सगळ्यांच्या देखत, फाडफाड बोलले.

मुलगी म्हणते, आई, तू उगाच तापतेस, गानमध्ये शिकवतात ते बरोबरच आहे. मला सांगा, हा धर्म आहे की दुकान? आमच्या लहानपणी आमच्या चिठ्ठ्या कोणी लिहिल्या होत्या? बाईंना सांगून हे बंद करायला लावू का? आणि एवढ्याशा पोराला मित्स्वा म्हणजे काय ते सांगायचं तरी कसं?

अश्दोदची एक आजी

ता. क. इथल्या पोह्यांचा मलिदा, आपला गोड पोह्यांचा प्रसाद, नीट होत नाही, लगदा होतो. काय करू?’

ताई, शालोम.

टोमॅटोपर्यंत आले आणि आधी पोटभर हसून घेतलं, माफ करा. मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा वाटलं की त्या रात्री तुमचा काही डोळ्याला डोळा लागला नसणार.

मी मुंबईत बरीच वर्षं बालवर्गाला शिकवलं. त्या जोरावर सांगते, तुमचा नातू लबाड नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने अगदी बरोब्बर उचललंय. चिठ्ठी लिहिली की काम पुरं झालं, असं त्याच्या मनाने घेतलंय. मग लिहिणारं माणूसच बघत नसेल तर ते जड दार धरून उभं राहायचं कशाला? हा हिशेब मोठी माणसंही करतात, त्यांच्या नावाला संगमरवरी पाटी असते एवढंच.

धर्म की दुकान, हे भांडण तुमच्या घरी सुरू झालेलं नाही. तुमच्या बाजूला आपला जुना पंडित सोखोचा अंतिगोनोस उभा आहे, ‘पिर्के आवोत’ या नीतिवचनांच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात. तो म्हणतो, बक्षिसावर डोळा ठेवून धन्याची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. आणि तुमच्या मुलीच्या बाजूला तालमूद आहे, रब्बींच्या चर्चांचा आपला मोठा धर्मग्रंथ. तिथं म्हटलंय की माणसाने मित्स्वा करत राहावं, मनात भलता हेतू असला तरी, करता करता हेतू निवळतो. घ्या. दोघीही बरोबर.

यातून वाट काढली ती रामबामने. (रामबाम, रामबाण नव्हे. होता तो वैद्यच, पण रामबाण औषध त्याच्याकडेही नव्हतं.) पूर्ण नाव रब्बी मोशे बेन मैमोन, मोठा धर्मपंडित, ११३८ साली स्पेनमधल्या कोर्दोबाला जन्मला आणि पुढे इजिप्तमध्ये राहिला. मिश्ना म्हणजे तालमूदच्या पोटातला मूळ नियमग्रंथ, त्यावरच्या भाष्यात तो एका लहान मुलाचं उदाहरण देतो. मुलाला शिकायला बसवलंय, पण शिकण्याची गोडी त्याला कुठून असणार? म्हणून गुरुजी म्हणतात, वाच, तुला अक्रोड देतो, अंजीर देतो, मधाचा खडा देतो. पोर वाचतं, अक्रोडासाठी. जरा मोठं झालं की अक्रोडाचं कौतुक संपतं. मग चांगले जोडे, चांगले कपडे. मग एक-दोन दिनार. मग, शीक, म्हणजे लोक तुला मान देतील, तू आलास की उठून उभे राहतील. रामबाम याला चांगलं म्हणत नाही हं. हे सगळं हिणकस आहे असंच म्हणतो. पण माणसाची समज आधी कच्ची असते, म्हणून हे करावं लागतं, आणि ते कुठल्या तरी वयात सुटायला हवं, असं त्याचं म्हणणं.

चिठ्ठी हा तुमच्या नातवाचा अक्रोड आहे. तो दिला म्हणून बालवाडीच्या बाईंना मी दोष देणार नाही, मीही पेरूच्या फोडी दिल्यात. पण त्या झाडाबद्दल माझी तक्रार आहे. अक्रोड खाल्ला की संपतो. पान भिंतीवर राहतं आणि दुसरीच्या पानांशी मोजलं जातं. चौदा आणि अकरा सुरू झालं की मित्स्वाची लंगडी झाली, कोण पुढे, कोण बाद. एवढं मात्र बाईंच्या कानावर घालायला हरकत नाही: झाड ठेवा, पानांवरची नावं काढा, सगळ्या वर्गाचं एकच झाड होऊ दे. सांगायला मुलीला पाठवा, तुम्ही जाऊ नका. आजी शाळेत आली की बाईंच्या कपाळाला आठी पडते. मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते.

चिठ्ठ्या बंद करू नका. त्यातला मजकूर बदला.

आत्ता तुम्ही लिहीत असाल, ‘आज त्याने आजीला पाणी दिलं, शाबास.’ म्हणजे कथा त्याची, शाबासकी त्याची, आणि पाणी प्यायलेली आजी कुठंच नाही. उद्यापासून आजीचं लिहा. ‘आज आजीचे गुडघे धरले होते. स्वयंपाकघरापर्यंत जायचं जिवावर आलं होतं. पाणी आलं. अर्धा ग्लास वाटेत सांडला होता, उरलेलं गार होतं.’ हे त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. मुलांना आपल्या कामाचं पुढे काय झालं हे कोणी सांगतच नाही. दार धरलं तेव्हा त्या मोरोक्कन बाईंच्या बोटांत पिशवीचे बंद रुतले होते का, हे त्याला कोण सांगणार?

दुसरं असं की लेखणी त्याच्याकडे द्या. म्हणा, आज तू सांग, मी लिहिते: आईने आज कोणासाठी काय केलं? बसवाल्याने धावत येणाऱ्या माणसासाठी बस थांबवली का? माझ्या वर्गात एक मुलगा होता, डब्यातला कण कोणाला द्यायचा नाही. रागावून झालं, समजावून झालं. शेवटी त्याला मी पहारेकरी नेमलं. दिवसभरात कोण कोणाला काय देतं ते बघायचं आणि सुटताना माझ्या कानात सांगायचं. पहिल्या दिवशी दोन बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी तो कानाशी आला आणि म्हणाला, ‘बाई, शिपाईमामांनी मांजरीला पोळी दिली. मी पण दिली. पण माझी सांगू नका.’

‘माझी सांगू नका’पर्यंत तुमच्या नातवालाही न्यायचंय, आणि त्यासाठी आपल्याकडे आयती सोय आहे. शब्बाथला लिहायचं नसतं! शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत तुमच्या घरात कोणी चिठ्ठी लिहू शकत नाही. मुलगी-जावई बाकी शब्बाथ कितपत पाळतात ते मला माहीत नाही, विचारणारही नाही. चिठ्ठीपुरता कडक पाळा. त्याने पाणी आणून ‘आजी, लिही’ म्हटलं की म्हणायचं, ‘आज शब्बाथ. आजचा मित्स्वा बिनपानाचा.’ पहिल्या शनिवारी तो रुसेल. कदाचित तारे दिसेपर्यंत सगळं लक्षात ठेवून रात्री यादीही सांगेल. तेव्हा हसून म्हणा, शब्बाथचं शब्बाथलाच राहू दे. तीन-चार आठवडे जाऊ द्या. मुलांना गुपित फार आवडतं, बक्षिसापेक्षाही आवडतं. बिनपानाच्या मित्स्वाचं गुपित तुमच्या दोघांचं असलं की तो खिडकीतून तारे बघायची घाई करणार नाही.

हे गुपिताचं खूळ माझं नाही. यरुशलेमच्या मंदिरात एक खोली होती, तिला गुपचुपांची खोली म्हणत, असं मिश्नात आहे. देणारे आत जाऊन गुपचूप ठेवून यायचे आणि चांगल्या घरातली पण ओढगस्तीला आलेली माणसं गुपचूप घेऊन जायची. कोणी ठेवलं आणि कोणी नेलं, दोघांनाही पत्ता नाही. रामबामने त्सेदाकाच्या, म्हणजे गरिबाला देण्याच्या, आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यांत अशा देण्याला वरून दुसरी जागा आहे. सगळ्यांत वरची पायरी वेगळी: माणसाला कर्ज द्या, भागीदारीत घ्या, काम मिळवून द्या, म्हणजे त्याच्यावर पुन्हा हात पसरायची वेळ येणार नाही. नातवाला आठ पायऱ्या सांगत बसू नका, तो त्या पाठ करेल आणि म्हणून दाखवून पान मागेल. खोलीची गोष्ट सांगा. एक चपलांचा रिकामा खोका घ्या, त्याला भोक पाडा, झाली खोली.

मित्स्वा म्हणजे काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सगळे ‘चांगलं काम’ असं सांगून मोकळे होतात. मूळ शब्दाचा अर्थ आज्ञा. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, त्या ६१३ आहेत असं मोजतात. (आकडा त्याच्यापुढे उच्चारू नका, ६१३ पानांचं झाड मागेल.) आज्ञा म्हटली की तिथं मनाच्या लहरीला जागा नाही. दात घासावेसे वाटले म्हणून आपण घासत नाही. बार मित्स्वा, म्हणजे आज्ञा अंगावर घ्यायचं वय, तेराव्या वर्षी, मुलींचं बाराव्या, तोवर हे बंधन त्याच्यावर नाहीच. तोवर नुसती हाताला सवय.

त्सेदाकाचंही तसंच. मराठीत आपण दानधर्म म्हणतो, पण दानात देणाराचा हात वर आणि घेणाराचा खाली. त्सेदाका आला तो त्सेदेकवरून, म्हणजे न्याय. शेताच्या कोपऱ्यातलं पीक कापायचं नाही, पडलेली कणसं वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची, असं तोरातल्या लेवीय या पुस्तकात सांगितलंय. म्हणजे मालकाने ती दिली नाहीत, ती त्याची नव्हतीच. हे पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या आधी कळतं, कारण ‘हे माझं, ते तुझं’ यावरच त्याचा सगळा दिवस जातो. बिस्किटाचा पुडा फोडताना ‘दोन कोणाला तरी दे’ म्हणून बघा, तो पुडा छातीशी धरेल. ‘यातली दोन आपली नाहीत, कोणाची आहेत ते शोधू या’ म्हणून बघा. माझी मुलं तर शोधायला पळत सुटायची. आणि मुलाकडे स्वतःचं काय असतं, असं म्हणू नका. त्सेदाकावर जगणाऱ्या गरिबानेही त्यातून त्सेदाका द्यावा, असं तालमूद सांगतो, मग तुमच्या नातवाची परिस्थिती बरी म्हणायची.

शुक्रवारी दिव्यांआधी त्सेदाकाच्या डब्यात नाणं टाकत असालच. तिथं दहा शेकेलचं एक नाणं नको, दहा अगोरोतची शंभर नाणी करून ठेवा आणि रोज एक. एका माणसाला एकदम हजार मोहरा देण्यापेक्षा एकेक करून हजार वेळा दिलं तर स्वभावात मुरतं, हेही रामबामचंच म्हणणं.

गोष्ट सांगायची तर रिबकेची सांगा. अब्राहामाचा नोकर दहा उंट घेऊन विहिरीपाशी आलाय, इसहाकासाठी मुलगी शोधायला. रिबका त्याला पाणी देते आणि न विचारता म्हणते, तुमच्या उंटांनाही पाजते, त्यांचं पोट भरेपर्यंत. मी हे वर्गात खेळून घ्यायची. दहा लहान खुर्च्या ओळीने, ते उंट. मागच्या बाजूला पाण्याचं पिंप, हातात एकेक भांडं. चौथ्या उंटापाशी एक मुलगा भांडं घेऊन खाली बसला आणि म्हणाला, ‘बाई, बाकीचे उंट झोपले.’ खरंच आहे. तहानलेला उंट एका दमात शंभरेक लिटर पाणी पिऊ शकतो. दहा उंटांचं गणित करा, आणि तोरातल्या उत्पत्ती या पुस्तकात लिहिलंय की ती झऱ्याला उतरायची, घागर भरायची आणि वर यायची. वर धावत. तुमच्या इमारतीत जिना आहेच, रिकामी बादली घेऊन दोन मजले दहा वेळा करायला सांगा. जिन्यातला दिवा मध्येच आपोआप विझतो ना तुमच्याकडे, तेवढ्याच जास्त गमती.

पण सावध राहा. तो नोकर गुपचूप बघत उभा होता, आणि उंटांचं पिऊन झाल्यावर त्याने रिबकेला सोन्याची नथ आणि दोन बांगड्या दिल्या. मुलं हे सोडत नाहीत. ‘तिला मिळालं की!’ असं तुमचा नातू म्हणणार, लिहून ठेवा. टाळू नका. मिळालंच. फक्त त्यालाच विचारा, घागर पहिल्यांदा उचलली तेव्हा तिला नथीचं ठाऊक होतं का? आणि उत्तर द्यायची घाई करू नका. माझ्या वर्गात एकीने यावर जे सांगितलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ती म्हणाली, ‘नथ नंतर मिळाली, पण तोवर तिचे हात दुखत होते.’

आता जरा अवघड बोलते, ताई. रागावू नका.

शुक्रवारी कीद्दूशच्या, म्हणजे द्राक्षारसावरच्या आशीर्वादाच्या, वेळी टेबलावर पाव झाकून ठेवतात. (त्या पावाला हिब्रूत हल्ला म्हणतात. मराठी घरात ‘हल्ला आणा रे’ म्हटलं की काय होतं ते आम्ही अनुभवलंय.) तुमच्या माहेरी पावाऐवजी चपाती असेल, आणि द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचं सरबत. झाकायचं कारण मुलांना असं सांगतात: पहिला आशीर्वाद द्राक्षारसाचा होतो, तो पावाने पाहिला तर त्याला ओशाळं वाटेल. पावाला! मुलांना हे इतकं आवडतं की नंतर ती मिठाची बरणीसुद्धा झाकतात. आणि त्याच आपल्या लोकांच्या तालमूदमध्ये म्हटलंय की चारचौघांत दुसऱ्याची मान खाली घालायला लावणं हे रक्त सांडण्यासारखं आहे. का, तर चेहऱ्यावरची लाली जाऊन पांढरा रंग येतो.

तुम्ही पाव झाकता, आणि नातवाला जिन्यात सगळ्यांच्या देखत बोललात. दार सोडणं वाईटच होतं, बोलायलाही हवं होतं, पण वर घरात गेल्यावर, दार लावून. तेव्हा आधी तुम्ही त्याची माफी मागा. त्याला शेजारी बसवून, साध्या शब्दांत: ‘तुझं चुकलं होतं, पण मी सगळ्यांसमोर बोलले ते माझं चुकलं.’ आपल्या पिढीला हे जड जातं, मला माहीत आहे. माझ्या आईने जन्मात कोणा मुलाची माफी मागितली नाही आणि मी पहिल्यांदा मागितली तेव्हा माझी जीभच वळेना. पण माणसाने माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय कीप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासालाही, धुतला जात नाही, हे मिश्नात आहे, आणि त्यात वयाची अट कुठं दिसत नाही.

मग त्याला घेऊन वर त्या मोरोक्कन बाईंकडे जायचं. ‘सॉरी म्हण’ म्हणून ढोसू नका. मुलं ‘सॉरी’ म्हणतात ती पुढचं टाळायला. त्याला बाजारात न्या, टोमॅटो त्यालाच निवडू द्या, पिशवी त्याच्याच हातात द्या, जड झाली तरी. बाईंच्या दारात तो काय बोलेल ते बोलेल. काही बोलला नाही आणि नुसती पिशवी पुढे केली तरी पुष्कळ. या भेटीची चिठ्ठी मात्र लिहू नका, मुलीलाही लिहू देऊ नका.

तुमच्या आजीच्या वेळी कोकणात कीप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत, दारं लावून घ्यायची म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण: दारं उघडायची, गरिबांना द्यायचं, एकमेकांच्या घरी जायचं. ‘आमच्या लहानपणी चिठ्ठ्या कोणी लिहिल्या’ असं तुम्ही विचारलंत. नव्हत्या लिहिल्या, कारण शिळ्या सणाला बश्या घेऊन आळीभर फिरवलं जायचं आणि कोणी काय दिलं हे ज्याच्या घरी बशी गेली त्याला ठाऊक असायचं. तुमच्या नातवाला आळी नाही. चौथ्या मजल्यावर कोण राहतं हे त्याला कळायला तुम्हालाच त्याचा हात धरून जिना चढावा लागेल.

दारांचाच विषय निघालाय तर त्याला मुंबईची एक गोष्ट सांगा. मशीद बंदरला सॅम्युएल स्ट्रीटवर आपलं सर्वांत जुनं सिनेगॉग, प्रार्थनामंदिर, आहे, १७९६ सालचं, सामुएल दिवेकरांनी बांधलेलं. मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं आपली माणसं सांगतात. त्याचं नाव शार हाराहामीम, दयेचं दार. वर्गात मी हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘बाई, ते जड आहे का?’

जनावरांचं एवढंच सांगते की आपल्या पूर्वजांना रायगडात शनिवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून. घाणा बंद म्हणजे बैलही सुटा, आणि तोरातल्या निर्गममध्ये शब्बाथ बैल-गाढवालाही सांगितलाय. तालमूद म्हणतो, आपण जेवायच्या आधी जनावराला घाला. तुमच्या जिन्यात मांजरी असणारच, अश्दोदला त्यांचा तुटवडा नाही. त्याच्या नाश्त्याआधी बशी. हे काम त्याचं एकट्याचं, आणि विसरला तर त्याचा नाश्ता थांबेल, मांजरीचा नाही.

आणि एक पथ्य तुमच्यासाठी. ‘नंतर लिहिते हं’ म्हणालात तर नंतर लिहाच. मुलाला देतो म्हणून न देणं म्हणजे त्याला खोटं शिकवणं, असं तालमूदमधले रब्बी झेरा सांगून गेलेत. तुम्ही ‘नंतर’ म्हणून विसरत असाल, म्हणून तो ग्लास देऊन समोरून हलत नसेल, अशी मला दाट शंका आहे.

मलिद्याचं. पोहे पातळ मिळत असतील म्हणून लगदा होतो. जाडे शोधा, भारतीय दुकानात मिळतात. भिजत घालू नका. चाळणीत घ्या, वरून पाणी ओता, हलक्या हाताने फिरवा आणि निथळत ठेवा, बोटाने दाबून दाणा मऊ लागला की झालं. साखर आयत्या वेळी, आधी घातली की पाणी सुटतं. वेलची, बेदाणे, बदामाचे काप तो घालेल, फळांच्या फोडी बशीत तोच लावेल. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन झाल्यावर बश्या वाटायलाही त्यालाच पाठवा, वरच्या मजल्यापासून सुरुवात करून. मराठी वर्तमानपत्रात मलिदा म्हणजे लाच, हे त्याला मोठेपणी कळेलच. नारळ मात्र ताजा खवलेला हवा. पाकिटातला कोरडा कीस घातलात तर मला कळवूसुद्धा नका.